प्रार्थनागृहाला जागा कोणत्या निकषावर?

शहराचा विकास आराखडा हा निरुपद्रवी रंगीत नकाशा नव्हे. कोणत्या जमिनीचे मोल वाढावे, कोणत्या जमिनीचे गोठावे आणि कोणत्या नागरिकाला शहरात कोठे जमता यावे, याचा निवाडा त्यात असतो. म्हणूनच व्यापारी विभागात एखाद्या चर्चला परवानगी द्यावी की नाही, हा वरकरणी तांत्रिक वाटणारा प्रश्न नगररचना खात्याच्या टेबलावर सोडून देण्यासारखा नाही.

नाशिकचा गंगापूर रोड हे या प्रश्नाचे बोलके उदाहरण ठरावे. अशोक स्तंभापासून आनंदवल्ली व सोमेश्वरमार्गे गंगापूरकडे जाणारा हा रस्ता एके काळी मळ्यांतून जात होता. आज त्याच्या दुतर्फा महाविद्यालये, रुग्णालये, दुकाने, उपाहारगृहे आणि मंगल कार्यालये उभी आहेत. जमिनीला सोन्याचा भाव आला आहे. हा भाव कोणा एका मालकाच्या कष्टाने आलेला नाही; रस्ता, पाणी, वीज यांवर झालेल्या सार्वजनिक खर्चाने तो आला. अशा रस्त्यावर एखाद्या व्यापारी इमारतीतील मजला, समजा, पगारदार व श्रमिक कुटुंबांच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीने रविवारच्या उपासनेसाठी मागितला, तर महापालिकेने कोणत्या कसोटीवर निर्णय घ्यावा?

कायदा याबाबत मुका नाही. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये शाळा, बाजार, रुग्णालये यांच्याबरोबरच धार्मिक इमारतींचाही सार्वजनिक प्रयोजनांत उल्लेख आहे. इमारतीच्या वापरात महत्त्वाचा बदल करणे हाही त्या कायद्यान्वये विकासच. म्हणून दुकानाचे सभागृह करण्यास परवानगी लागते. परवानगी नाकारावयाची तर कारणे आदेशात नमूद करावी लागतात. खुद्द आराखड्यात फेरफार करावयाचा असल्यास कलम ३७ अन्वये सूचना प्रसिद्ध करून हरकती मागवाव्या लागतात. बांधकाम नियमांच्या दृष्टीने प्रार्थनास्थळ हे नाट्यगृहासारखेच, लोक एकत्र जमण्याचे ठिकाण होय. जिने किती रुंद, बाहेर पडण्याचे मार्ग किती, आग लागल्यास काय, वाहने कोठे उभी राहणार, हे प्रश्न अधिकाऱ्याने विचारलेच पाहिजेत. आत कोणाची प्रार्थना होणार, हा प्रश्न मात्र त्याच्या अधिकारकक्षेत येत नाही.

विरोधकांचे काही आक्षेप प्रामाणिक असतात व त्यांना प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. पहिला आक्षेप गर्दीचा. परंतु मंगल कार्यालयातील लग्नतिथीची गर्दी ज्या रस्त्याला पेलते, त्याला रविवारी सकाळी, कचेऱ्या बंद असताना होणारी उपासना पेलणार नाही, हे आकडे मांडून सिद्ध करावे लागेल. दुसरा आक्षेप महसुलाचा. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १३२ नुसार केवळ सार्वजनिक पूजेसाठी वापरल्या जाणाऱ्या वास्तूंना सर्वसाधारण करातून सूट आहे, हे खरे. पण ही सूट सर्व धर्मांच्या वास्तूंना सारखीच आहे आणि खासगी मालक ज्या सभागृहाचे भाडे खिशात घालतो त्याला ती लागू होत नाही. सवलत खुपत असेल तर सर्वांच्याच सवलतीचा फेरविचार मागावा. एकाच समाजाच्या अर्जाच्या वेळी तिजोरीची आठवण येणे हे अर्थशास्त्र नव्हे.

तिसरा आक्षेप आवाजाचा. येथे चेन्नईचे एक प्रकरण मार्गदर्शक आहे. तेथील निवासी वसाहतीतील एका चर्चच्या ध्वनिवर्धकाविरुद्ध रहिवाशांची संघटना न्यायालयात गेली. ३० ऑगस्ट २००० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, इतरांची शांतता भंग करून, ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही. न्यायालयाने आवाजाला मर्यादा घातली. चर्चचे अस्तित्व गुन्हा ठरविले नाही. त्याच वर्षीच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी विभागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल, तर व्यापारी विभागासाठी दिवसा ६५ व रात्री ५५ डेसिबल अशी मर्यादा आहे. रुग्णालये व शिक्षणसंस्था यांच्या भोवतालचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. तेव्हा आवाजाचीच काळजी असेल, तर शांतता क्षेत्र वगळता व्यापारी विभाग हा निवासी वसाहतीपेक्षा प्रार्थनागृहाला अधिक योग्य ठरतो. जो निवासी भागातून आवाजाच्या नावाने व व्यापारी भागातून व्यापाराच्या नावाने चर्चला घालवितो, त्याला आवाज वा व्यापार यांपैकी कशाचीच चिंता नसते.

अमेरिकेतही हा वाद जुना आहे. टेक्सासमधील बर्नी गावातील चर्चला वाढीव बांधकामाची परवानगी ऐतिहासिक परिसराच्या नियमाखाली नाकारली गेली. १९९७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने, चर्चने ज्याचा आधार घेतला होता तो धर्मस्वातंत्र्याचा केंद्रीय कायदाच राज्यांना लागू करण्याचा काँग्रेसला अधिकार नसल्याचे ठरविले. पुढे २००० साली नवा कायदा झाला. धार्मिक संमेलनाला इतर संमेलनांहून कमी दर्जाची वागणूक नगररचनेच्या नियमांनी देऊ नये, हे त्यातील एक तत्त्व. उलट २००९ साली स्वित्झर्लंडमध्ये सार्वमताने नव्या मिनारांवर बंदी घातली गेली. बांधकामाचा नियम बहुमताच्या हाती दिला की तो एका धर्माविरुद्ध कसा वळतो, हे त्यातून दिसले. पहिले उदाहरण समान अटींचे, दुसरे बहुमताच्या नकाराचे. आपल्या राज्यघटनेचे कलम १४ आणि कलमे २५ व २६ यांचा एकत्र विचार केला तर आपला मार्ग पहिलाच आहे.

आपल्याकडील खरे दुखणे निराळेच आहे. सार्वजनिक रस्ते, उद्याने व इतर सार्वजनिक जागांवर नवे अनधिकृत प्रार्थनास्थळ उभारू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी दिला. राज्य शासनाने ५ मे २०११ च्या निर्णयाने जुन्या बांधकामांबाबत धोरण ठरविले. हे सारे करावे का लागले? विचारल्यावाचून बांधणाऱ्याला संरक्षण मिळते आणि रीतसर अर्ज करणाऱ्याला हेलपाटे, हा अनुभव सार्वत्रिक झाला म्हणून. ज्या व्यवस्थेत नियम पाळण्याची किंमत नियम मोडण्याच्या किमतीहून अधिक असते, तेथे नियम मोडलेच जातात. यास नीतिशास्त्राची नव्हे, साध्या हिशेबाची जाण पुरते. संख्याबळ असणाऱ्याला हा हिशेब परवडतो. ज्याच्यापाशी संख्याही नाही व जमीनही नाही, त्याच्यापाशी केवळ अर्ज उरतो, आणि तोच ‘स्थानिकांचा विरोध’ या दोन शब्दांखाली फायलीत पडून राहतो.

समाजवादी वर्तुळातून आणखी एक आक्षेप येतो : शाळा, दवाखाने हवेत, आणखी प्रार्थनास्थळे कशाला? ही भूमिका ज्यांनी नव्या देवळालाही तितक्याच ठामपणे विरोध केला असेल, त्यांना ती शोभेल. एरवी बलवानासमोर मौन आणि दुर्बळासमोर बुद्धिवाद असा तिचा व्यवहारातील अर्थ होतो. धर्मनिरपेक्षता ही शासनावरची शिस्त आहे. श्रद्धावंताच्या अर्जावरचा नकाराचा शिक्का नव्हे. सक्तीच्या वा फसवणुकीच्या धर्मांतराची शंका असेल तर त्यासाठी पोलीस व न्यायालय आहे. बांधकाम परवाना हे संशयितांना शिक्षा करण्याचे साधन होऊ शकत नाही.

आणि नाशिकला चर्च परके कधी होते? गंगापूर रोडपासून जवळच असलेल्या शरणपूरची वसाहत १८५४ साली स्थापन झाली. गुलामीतून सोडविलेल्या आफ्रिकी मुलांना तेथे आसरा व शिक्षण मिळाले. लक्ष्मीबाई टिळकांचे जन्मगाव जलालपूर हेही नाशिकजवळचेच. नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला दर फेब्रुवारीत दूरदूरहून भाविक येतात. सिंहस्थातील लक्षावधींसाठी जागा, पाणी व रस्ते यांची सोय करणाऱ्या या शहराला काही डझन कुटुंबांच्या रविवारच्या उपासनेची सोय करणे अवघड नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी करावी ती चर्चसाठी सवलतीची नव्हे, नियमाच्या समानतेची. देऊळ, मशीद, विहार, गुरुद्वारा व चर्च यांना एकच लेखी अटींचा तक्ता असावा. तो महापालिकेने प्रसिद्ध करावा. प्रत्येक अर्जाचा निकाल मुदतीत व सकारण द्यावा. हरकतींच्या सुनावणीस कार्यकर्त्यांनी स्वतः हजर राहावे. नगरसेवकाच्या कार्यालयात मतांची गणिते मांडून होणाऱ्या निर्णयांना नगररचना म्हणत नाहीत. आराखड्यातील निळा रंग व्यापाराचा असतो, हे ठीक. पण व्यापारासाठी राखलेल्या रस्त्यावरही नागरिक वावरतात, आणि तेथे एकत्र जमण्याचा त्यांचा हक्क संख्याबळावर मोजता येत नाही.