लहान गावाचा मोठा संघ

इटलीच्या वायव्येस, भातशेतीच्या पट्ट्यात वेर्चेल्ली नावाचे लहानसे शहर वसले आहे. तेथील ‘प्रो वेर्चेल्ली’ या फुटबॉल संघाने 1908 ते 1922 या काळात सात वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. 1913 साली बेल्जियमविरुद्ध उतरलेल्या इटलीच्या अकरा खेळाडूंपैकी नऊ या एकाच संघाचे होते. अशा संघाच्या वाट्याला पुढे खालच्या श्रेणीतील वनवास यावा, हा केवळ दैवाचा खेळ म्हणता येणार नाही.

या ऱ्हासाचे मूळ मैदानावर नसून हिशेबाच्या वहीत आहे. खेळ हौशी होता, तोवर गावातील मुलांची गुणवत्ता हेच संघाचे भांडवल होते. 1923 साली फियाटच्या आन्येल्ली घराण्यातील एदोआर्दो तुरीनच्या युव्हेंटस क्लबचे अध्यक्ष झाले आणि त्याच वर्षी वेर्चेल्लीचा नामवंत बचावपटू रोझेत्ता युव्हेंटसकडे गेला. त्यावरून वादळ उठले. परंतु 1926 च्या व्हियारेज्जो सनदेने खेळाडूंच्या मोबदल्याचा मार्ग मोकळा केला. 1934 साली सिल्व्हिओ पिओला रोमच्या लाझिओकडे गेला. 1935 साली वेर्चेल्लीची पहिल्या श्रेणीतून घसरण झाली आणि तेथे तो संघ पुन्हा कधी परतला नाही. पिओलाने मात्र 1938 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन गोल केले.

2010 साली आर्थिक विपन्नावस्थेमुळे मूळ क्लबाचा डाव मोडला. शहरातील दुसऱ्या क्लबाने त्याचे नाव व वारसा स्वीकारला. 2012 साली 64 वर्षांनंतर दुसरी श्रेणी लाभली. 2018 साली तीही गेली.

गुणवान खेळाडूने अधिक मोबदल्याकडे जावे, यात गैर काहीच नाही. त्याला गावाशी जखडून ठेवणे अन्यायाचेच ठरेल. तथापि फुटबॉल हा इतर धंद्यांसारखा धंदा नव्हे. प्रतिस्पर्धी दुकान बंद पडले तर दुकानदाराचा फायदा होतो. प्रतिस्पर्धी संघ बुडाला तर सामनाच उरत नाही. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतील पाच टक्के वाटा खेळाडूला घडवणाऱ्या क्लबांना देण्याचा नियम फिफाने 2001 साली केला, तो या जाणिवेतूनच. पण रोपवाटिका जगवायची तर एवढ्याने भागणार नाही. स्पर्धेच्या एकूण उत्पन्नातही खालच्या श्रेणींना न्याय्य वाटा हवा. वेर्चेल्लीच्या मैदानाला आज पिओलाचे नाव आहे. नावाने गौरव होतो. संघ चालवण्यास पैसा लागतो.