सूर हरवला, की पानेच तशी पडली?

नेमबाजाचे चार नेम चुकले की आपण ‘याचा सूर हरवला’ असा निकाल देऊन मोकळे होतो. जानेवारी २०२३ मध्ये ओडिशात हॉकीचा विश्वचषक झाला, तेव्हा कर्णधार हरमनप्रीत सिंगच्या वाट्याला हेच आले. स्पेनविरुद्ध त्याचा पेनल्टी स्ट्रोक अडवला गेला. पहिल्या चार सामन्यांत त्याचा गोल अवघा एक! न्यूझीलंडने भारताला बाहेर काढले आणि टीकेची झोड उठली.

दीड वर्षाने, पॅरिस ऑलिम्पिकमध्ये, याच हरमनप्रीतने आठ सामन्यांत १० गोल केले. कांस्यपदकाच्या लढतीतले दोन्ही गोल त्याचेच.

मधल्या काळात प्रशिक्षक बदलले, बंगळूरच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात शिबिरे झाली, मनाच्या तयारीसाठी पॅडी अपटन आले. या मेहनतीचे मोल आहेच. पण संख्याशास्त्र विचारते, चार सामन्यांवरून सूर हरवल्याचे कळते तरी का?

वाचकहो, घरीच पाहा. पत्त्यांचा जोड पिसून एक पान काढा. बदाम आला तर गोल, म्हणजे चारांत एक संधी. पान परत ठेवा, पुन्हा पिसा. असे शंभर वेळा करून निकाल ओळीने लिहा. सलग आठ-आठ पाने बदामाविना गेलेली बहुधा आढळतीलच. पत्त्यांना ना दडपण, ना दुखापत. तरी ‘दुष्काळ’ पडतोच. लागोपाठ तीन बदामही येतात, तेव्हा आपण ‘हात बसला’ म्हणतो.

१९८५ मध्ये गिलोविच, व्हॅलोन व ट्वर्स्की या अभ्यासकांनी बास्केटबॉलचे आकडे तपासून ‘हात बसणे’ हा भास ठरवला. २०१८ मध्ये मिलर व सान्हुर्हो यांनी त्या हिशेबातच त्रुटी दाखवली. छोट्या मालिकांत मोजणीची ती रीत सूर लपवते. म्हणजे सूर थोडाफार लागतोही. पण आपल्याला वाटतो त्याहून तो खूपच कमी वेळा दिसतो.

म्हणून जाणता प्रशिक्षक नुसते गोल मोजत नाही. पेनल्टी कॉर्नरला रेषेवरून चेंडू नीट आला का, अडवणाऱ्याने तो जागेवर थांबवला का, फ्लिकचा वेग आणि दिशा पूर्वीसारखी आहे का, हे तो पाहतो. हे सारे ठीक असेल तर तो खेळाडूला बदलत नाही, धीर देतो. त्यात बिघाड दिसला तरच दुरुस्ती.

आपल्या घरीही हाच हिशेब चालतो. मुलाला लागोपाठ दोन चाचण्यांत गुण कमी पडले की खेळ बंद, शिकवणी दुप्पट! त्याआधी त्याची वही उघडून बघा. अभ्यासाची रीत तीच असेल, तर थोडे थांबायला काय हरकत आहे?