आधी थंड करा, मग हलवा

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्यात उष्माघाताने १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी नवी मुंबईत पारा साधारण ३८ अंशांवर होता. उष्माघात म्हणजे विदर्भातल्या ४५ अंशांची गोष्ट, असे आपण किनारपट्टीवरचे लोक धरून चालतो, ते चूक आहे. दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेल्या घामाने अंग निवत नाही.

आपल्या वसईतल्या वालीव-गोखिवऱ्याच्या पत्र्याच्या गाळ्यांत, वीटभट्ट्यांवर, नव्या इमारतींच्या स्लॅबवर मे महिन्यातही माणसे दिवसभर राबतात. त्यांतला कोणी बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, की ‘पिऊन आलाय’ म्हणून त्याला कोपऱ्यात बसवतात. उन्हात राबणाऱ्याचे अंग भाजत असेल आणि त्याला भान नसेल, तर उष्माघातच समजावे. घाम दिसतो म्हणून निर्धास्त राहू नये. कष्टकऱ्याच्या उष्माघातात कातडी बरेचदा ओलीच असते.

अशा रुग्णाला आधी जागेवर थंड करावे, मग हलवावे. ४० अंशांपलीकडे, म्हणजे १०४ फॅरनहाइटवर गेलेले तापमान अर्ध्या तासात ३९च्या खाली आले, तर जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते. हा अर्धा तास आपल्या महामार्गावरच्या कोंडीत सहज जातो. १०८ला फोन लगेच करावा. पण गाडी येईपर्यंत कपडे उतरवून रुग्णाला ताडपत्रीवर निजवावे, चौघांनी कडा उचलून धराव्यात, पाणी आणि बर्फ ओतत राहावे, डोके वर धरावे. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते. रक्तातली साखर उतरल्याने किंवा मलेरिया मेंदूत गेल्याने भान हरपले आहे का, हे डॉक्टर तपासतीलच. त्यासाठी थंड करणे थांबू नये.

बर्फाची आपल्याकडे वाण नाही. पाचूबंदर, अर्नाळा, नायगाव इथे मासळीसाठी तो लागतोच. दिल्लीच्या राममनोहर लोहिया रुग्णालयाने २०२४ मध्ये उष्माघात कक्ष उघडून थंड पाण्याचे टब ठेवले. वसई-विरार महापालिकेनेही सर डी. एम. पेटिट आणि तुळिंज रुग्णालयांत उन्हाळ्याआधी टब, बर्फ आणि गुदमार्गाने तापमान घेणारे थर्मामीटर सज्ज ठेवावेत. ठेकेदारांना विनंती, ताडपत्री तुमच्या साइटवर असतेच. जवळच्या बर्फवाल्याचा नंबरही भिंतीवर लिहून ठेवा.

— एक वाचक, वसई