दगडाला कोण विचारतं?



गेल्या महिन्यात देवपूरच्या कचेरीत वनहक्क दाव्यांच्या फायली लावायचं काम चाललं होतं. डोंगराकडच्या एका पाड्यावरून तीन पोरं आली. हातात खताच्या गोणीची पिशवी. काही न बोलता त्यांनी ती टेबलावर उपडी केली. नुसते दगड! शेत वखरताना निघालेले, गुरं चारताना उचललेले.

बरेचसे साधेच दगड होते, काही तर रस्त्याची खडी होती. पण सात-आठ वेगळे होते. दुधी आणि लालसर गारगोटीच्या पातळ पात्या, नखाएवढ्या, कडेला धार असलेल्या. एक काळा दगड तळहातात नीट बसेल असा, दोन्ही अंगांनी टवके काढून टोकदार केलेला. असे दगड माणसाच्या हातचे असतात. लोखंड, तांबं काहीच नव्हतं त्या काळातली ही माणसाची हत्यारं.

फायलीसाठी आलेले एक म्हातारे बाबा हे सगळं बघत होते. आपल्या दाव्याला पुरावा कमी पडतो म्हणून तिसऱ्यांदा परत पाठवलेले. ते म्हणाले, "आठे माणूसले कोनी इचारत नही, दगडले कोण इचारस?"

सगळे हसले. पण बाबांचा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. म्हणून या अंकात त्यावरच लिहितो आहोत.

आधी दगडांबद्दल काय माहीत आहे ते बघू. आपल्या खानदेशात हे नवं नाही. भारतीय पुरातत्त्व खात्याचे एस. ए. साळी यांनी धुळे जिल्ह्यातले नदीकाठ पायी हिंडून पाहिले. तापीच्या खोऱ्यातल्या जुन्या वस्त्यांच्या जागा त्यांनी नोंदवल्या. त्यांनीच १९७२-७३ साली चाळीसगाव तालुक्यात पाटणे इथं खोदकाम केलं. पाटणादेवीच्या डोंगराजवळचं, आज गौताळा अभयारण्याच्या कडेला असलेलं हे गाव. तिथं दगडी पात्यांबरोबर शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले. कवचाच्या एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या रेघांची नक्षी कोरलेली होती. कवचाचं वय तपासलं, ते सुमारे २५,००० वर्षं भरलं.

म्हणजे २५,००० वर्षांपूर्वी इथल्या कुणीतरी अंड्याचं कवच घासून गोल केलं, त्याला भोक पाडलं आणि गळ्यात घातलं. पोटापुरतं मिळवून वर सजायला वेळ काढणारी माणसं होती ती. दुसरी गोष्ट अशी की शहामृग हा मोकळ्या, कोरड्या माळावरचा पक्षी. म्हणजे तेव्हा तिथं आजच्यासारखं जंगल नसावं, गवताळ माळ असावा. हवामान बदललं, झाडी आली, शहामृग गेला. माणूस मात्र पुढच्या काळातही इथं दिसतो.

नंतरचा पुरावाही आपल्याच भागातला आहे. शहादा तालुक्यात प्रकाशे इथं तापी-गोमाईच्या संगमावर १९५५ साली बी. के. थापर यांनी खोदकाम केलं. तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या शेतकऱ्यांची वस्ती तिथं मिळाली. साक्री तालुक्यात कावठे इथंही तशीच जुनी वस्ती निघाली. तापीकाठच्या सावळदा गावाचं नाव तर अभ्यासकांनी एका अख्ख्या संस्कृतीला दिलं. सावळदा संस्कृती म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची रंगीत मडकी घडवणारी माणसं.

आता हे सगळं आपण का सांगतो आहोत?

कारण आपल्याला वर्षानुवर्षं एकच गोष्ट ऐकवली जाते. जंगल मूळचं माणसाविना होतं, तुम्ही मागून आलात, तुम्ही ते खाल्लं. आपल्या नावापुढं 'अतिक्रमणदार' हा शब्द याच गोष्टीतून आला. वनखात्याच्या हद्दीचे बुरूज इंग्रजांच्या १८७८ च्या जंगल कायद्यानंतर उभे राहिले. त्याला दीडशे वर्षंही धड झाली नाहीत. त्या बुरुजाच्या आतल्या नाल्यात हजारो वर्षांपूर्वी माणसानं घडवलेला दगड पडलेला असेल, तर माणसाविना जंगल ही गोष्टच खोटी ठरते. या डोंगरांत माणूस आणि झाडी एकत्रच वाढली. जंगल वाचवायचं म्हणजे माणूस बाहेर काढायचा, हे गणित या मातीला मान्य नाही.

पण साथींनो, इथंच जपून बोलायला हवं. 'हे दगड आमच्याच पूर्वजांचे, म्हणून जमीन आमची' असं कुणी दाव्यात लिहू नका. पाटण्याचे मणी घालणारी माणसं कोणत्या जमातीची होती, कोणती भाषा बोलत होती, हे दगडावरून कळत नाही. तेव्हा भिल्ल, पावरा, कोकणी ही नावं नव्हती, तशीच आज मोठ्या म्हणवणाऱ्या जातींचीही नव्हती. आपण खोटा दावा केला तर उद्या दुसराही तसाच करील, आणि त्याच्याकडं छापखाना मोठा आहे. आपली बाजू खरी आहे. तिला खोट्याचा टेकू नको.

आपला हक्क दुसऱ्या पायावर उभा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासीला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवायचा आहे. त्याचे पुरावे नियम १३ मध्ये दिले आहेत: घर, झोपडी, बांधबंदिस्ती, सपाट केलेली जमीन, दंडाच्या पावत्या, वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब. त्याच नियमात जागेचं जुनेपण दाखवणाऱ्या गोष्टीही आहेत. विहिरी, दफनभूमी, देवाच्या जागा. ज्या बाबांचा दावा परत आला त्यांच्या नेवाडच्या कडेला त्यांच्या आजोबांचा गाता उभा आहे, आणि फायलीत त्याचा एका ओळीनंही उल्लेख नव्हता! २५,००० वर्षांपूर्वीचा दगड पट्टा देणार नाही. आजोबांचा दगड देईल. तो आधी फायलीत घ्या.

मग पोरांच्या पिशवीतल्या दगडांचं काय करायचं? खरी चूक तिथंच झाली. आम्ही पोरांना विचारलं, हा काळा दगड कुठं मिळाला? एक म्हणाला नाल्यात, दुसरा म्हणाला टेकडीवर. तिन्ही ठिकाणचे दगड एकाच पिशवीत. आता त्यांच्याकडून फार काही कळायचं नाही. पंचनाम्यात चतुःसीमा नसेल तर तो पंचनामा कागदाचा तुकडा. दगडाचंही तसंच आहे. तो कुठं पडला होता, शेजारी काय होतं, मातीच्या कोणत्या थरातून निघाला, हीच त्याची चतुःसीमा. जागेवरून उचलला की तो मुका होतो.

म्हणून गावागावांतल्या तरुण साथींना सांगणं आहे. शास्त्रज्ञ रांगेनं चालत, जमीन बघत अशा जागा शोधतात. तुम्ही तर रोजच त्या जमिनीवर चालता. नांगरट झाल्यावर पहिला पाऊस पडून माती धुतली जाते, तेव्हा दगड उघडे पडतात. चार-पाच जणांनी दोन-दोन हात अंतर ठेवून शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू चालायचं. झाडीत पालापाचोळा आणि गवत आड येतं. तिथं पायवाटा बघा, गुरांच्या वाटा बघा, नाल्याची कोसळलेली दरड बघा, उन्मळलेल्या झाडाच्या मुळाखालची माती बघा, साळिंदरानं उकरलेला ढिगारा बघा. जमिनीच्या पोटातलं तिथंच वर येतं.

ओळखायचं कसं? माणसानं ठोकून काढलेल्या छिलक्यावर ठोक्याच्या जागी फुगवटा असतो. तिथून पाण्यात खडा टाकल्यासारख्या लाटा पसरलेल्या दिसतात. धारेवर ओळीनं बारीक टवके काढलेले असतात. एकच दगड दिसला तर घाई नको, ट्रॅक्टरच्या फाळानं किंवा बैलाच्या खुरानंही दगड फुटतो. पण एका जागी पाती, छिलके आणि ज्यातून ते काढले तो गाभा एकत्र दिसला, तर तिथं बसून कुणीतरी हत्यारं घडवली होती.

दिसलं तर उचलायचं नाही, खणायचं तर मुळीच नाही. ग्रामसभेच्या वहीत लिहायचं: तारीख, कुणी पाहिलं, गट नंबर किंवा कंपार्टमेंट नंबर, जवळची खूण, काय आणि किती. दगड कागदावर ठेवून पेन्सिलीनं त्याची कड काढून घ्या, मग तो जिथला तिथं ठेवा. वाहून जाणार असेल तरच उचला. प्रत्येक दगड वेगळ्या कागदात बांधून आत जागेची चिठ्ठी टाका. विकायचा विचारही नको. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानं परवान्याशिवाय असा धंदा करणं गुन्हा आहे, आणि दहा-वीस रुपये देऊन दगड नेणारा माणूस तुमच्या गावाची आठवणच घेऊन जातो.

काही साथींची भीती रास्त आहे: "हे सांगितलं तर सरकार शेतच घेईल." ही भीती जुन्या अनुभवातून आली आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. चारींचं मिळून वजन साठ किलोवर. आज त्या वस्तू मुंबई-दिल्लीच्या संग्रहालयांचं भूषण आहेत. दायमाबादचं नाव जगभर गेलं. पण काचेपुढं उभ्या राहणाऱ्या किती जणांना ठाऊक असतं की हा ठेवा एका भिल्लाच्या हातानं वर आला?

म्हणून कायदा आपल्याला माहीत हवा. शेतात दगडी हत्यार मिळालं एवढ्यानं जमीन जात नाही. केंद्र सरकारला एखादी जागा संरक्षित करायची असेल तर १९५८ च्या कायद्यानं दोन महिन्यांची नोटीस काढावी लागते, आणि त्या मुदतीत हरकत घेता येते. जमिनीत पुरलेलं धन दहा रुपयांवर किमतीचं असेल तर १८७८ च्या कायद्यानं कलेक्टरला कळवावं लागतं. पण त्याच कायद्यात सापडवणाऱ्याचा वाटाही लिहिलेला आहे. लपवून ठेवणाऱ्याचा तो हक्क जातो, उलट शिक्षा होते. सगळं एकट्यानं नव्हे, ग्रामसभेच्या ठरावानं करायचं.

आणि ग्रामसभेला हा अधिकार कुणाच्या मेहरबानीनं मिळालेला नाही. वनहक्क कायद्याचं कलम ५ सांगतं, आपल्या अधिवासातल्या नैसर्गिक आणि सांस्कृतिक वारशाला धक्का लावणाऱ्या कामांपासून तो राखायचा अधिकार ग्रामसभेचा आहे. उद्या टेकडीवर मुरमाची खाण लागली, रोपवनाच्या नावानं जेसीबीनं चर खोदले गेले, तर दगडांची ही वही घेऊन ग्रामसभा उभी राहू शकते. सामूहिक वनहक्काच्या दाव्यात देवाच्या जागा, दफनभूमी, पाणवठे यांच्या नकाशावर या जागांचीही खूण करा. हे दगड आपले म्हणून नव्हे. आपण त्यांचे राखणदार म्हणून.

ती तीन पोरं परत गेली आहेत, वही घेऊन. पावसाची उघडीप मिळाली की कोणता दगड कुठला ते आठवून जागा शोधणार आहेत. काळा दगड कचेरीत कागदात बांधून ठेवला आहे. जागा नक्की झाली की ग्रामसभा ठरवील तसं करू. बाबांची फाईल नव्यानं लावली. गात्याचा फोटो, तीन म्हाताऱ्यांचे जबाब आणि समितीचा पंचनामा जोडला. दावा पुन्हा प्रांत कचेरीत गेला आहे.

बाबा, दगडाला आम्ही विचारलं. तो म्हणतो, माणसं इथं आधीपासून होती. आता कचेरीनं माणसाला विचारायची पाळी आहे. विचारीपर्यंत आपण जागचे हलणार नाही.

जिंदाबाद!