कोवळा पिचर? विका!

न्यूयॉर्क मेट्सनी 2004 मध्ये 20 वर्षांचा स्कॉट काझमिर देऊन व्हिक्टर झांब्रानो घेतला, तेव्हापासून 'कोवळा पिचर विकू नका' हे पालुपद चालू आहे. मान्य, 2007 मध्ये काझमिरने 239 स्ट्राइकआउट काढले. पण मार्क अपेलचं काय? 2013 च्या ड्राफ्टमधली पहिली निवड. मेजर लीगमध्ये पोचला 2022 साली, तेही जेमतेम 6 सामन्यांपुरता! अहो, भावात उद्याचं स्वप्न आधीच धरलेलं असतं, कोपर मात्र कुणी धरत नाही. मायकेल कोपेक 2018 च्या ऑगस्टमध्ये पदार्पण करतो काय, आणि सप्टेंबरात 4 सामन्यांनंतर लिगामेंट फाटतं काय! मी तर समोरून तयार फलंदाज मिळत असेल तर डोळे मिटून विकेन. आणि झांब्रानो? 3 सामन्यांत त्याचाही हात गेला. मेट्स चुकले ते पिचर विकण्यात नाही, बदल्यात पुन्हा पिचरच घेण्यात.