धावणं ही शिक्षा नव्हे

मुलगा गांजा ओढतो हे घरात कळलं की चार-सहा दिवसांत कुणीतरी वडीलधारं माणूस उपाय सांगतंच. ‘त्याला पहाटे उठवा, मैदानावर पिटाळा, घाम गाळू दे, आपोआप डोकं ठिकाणावर येईल.’ मुलगा दोन दिवस जातो, तिसऱ्या दिवशी तोंडावर पांघरूण ओढून घेतो. मग निकाल लागतो की पोरात इच्छाशक्तीच नाही. दुसऱ्या बाजूला शिकलेली, चार गोष्टी वाचणारी मंडळी असतात. त्यांच्या मते व्यसन हा मेंदूचा आजार. त्याला डॉक्टर हवा, समुपदेशन हवं. जोर-बैठकांनी कधी कुणाची नशा सुटली आहे का, हा त्यांचा सवाल.

मला या दोन्ही पक्षांशी भांडायचं आहे. पहिल्या पक्षाच्या हाती खरा उपाय लागला आहे, पण ती मंडळी तो शिक्षा म्हणून वापरतात. दुसरा पक्ष तो तपासून न बघताच बाजूला सारतो.

तपासणी झालेली आहे. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरी, व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. गांजाच्या आहारी गेलेले १२ जण त्यांनी निवडले, त्यात ८ बाया होत्या. सगळी पंचविशीच्या आसपासची, व्यायामाची फारशी सवय नसलेली. यातल्या कुणालाही गांजा सोडायचा नव्हता. उपचार मागायला कुणी आलेलं नव्हतं, आणि ‘कमी करा’ अशी अटही कुणी घातली नव्हती. दोन आठवड्यांत १० वेळा यायचं आणि प्रत्येक वेळी अर्धा तास ट्रेडमिलवर चालायचं-पळायचं, एवढंच. वेग प्रत्येकाच्या नाडीप्रमाणे बेतलेला होता, दम लागेल पण छाती फुटणार नाही असा. प्रयोगाआधी ही माणसं दिवसाला सरासरी ५.९ जॉइंट ओढत होती. व्यायामाच्या दोन आठवड्यांत तो आकडा २.८ वर आला. ओढण्याची तलफसुद्धा प्रत्येक सत्रानंतर आधीपेक्षा कमी नोंदली गेली.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: १२ माणसं म्हणजे काय पुरावा? तुलनेला दुसरा गट नाही. रोज प्रयोगशाळेत जायचं, कुणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय, विचारतंय, लिहून घेतंय, याचाच हा परिणाम कशावरून नसेल? आक्षेप रास्त आहे आणि मी तो मान्य करतो. व्यायामानं गांजा सुटतो हे या प्रयोगानं सिद्ध होत नाही. पण आक्षेप घेणारे एका गोष्टीवरून फार चटकन पुढे जातात. ज्यांना सोडायचंच नव्हतं ती माणसं आली. दोन आठवडे येत राहिली. आपल्याकडे व्यसनमुक्तीच्या कामात सगळ्यात अवघड काय असतं, हे त्या कामातल्या कुठल्याही समुपदेशकाला विचारा. बाविशीतल्या पोराला दारातून आत आणणं. ‘मला प्रॉब्लेमच नाही’ असं म्हणणारा मुलगा समुपदेशकासमोर बसत नाही, पण बूट घालून यायला तयार होतो. कुणी लक्ष दिलं म्हणून फरक पडला असेल, तर तेही मला हवंच आहे. ते लक्ष पलीकडच्या माणसाला अपमान न वाटता देता येतं, हा व्यायामाचा मोठाच गुण म्हणायला हवा.

आता शास्त्राच्या आधारानं घेतला जाणारा दुसरा आक्षेप. गांजातला मुख्य नशेचा घटक, टीएचसी, चरबीत साठतो. व्यायामानं चरबी वितळली की तो पुन्हा रक्तात येतो, म्हणजे पळून नशा उलट वाढणार. यात तथ्याचा अंश आहे. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी नियमित ओढणाऱ्या १४ जणांना ३५ मिनिटं सायकल मारायला लावली. व्यायाम संपताच रक्तातलं टीएचसी थोडंसं वाढलेलं आढळलं, दोन तासांत ती वाढ ओसरली. रक्ताच्या चाचणीला सामोरं जायचं असेल त्यानं हे ध्यानात ठेवावं. त्यापलीकडे, पळणं टाळण्याचं कारण म्हणून हा मुद्दा कुणी पुढे करत असेल तर त्यात दम नाही.

तिसऱ्या आक्षेपाला मात्र वजन आहे. जिममध्ये जाणारी पोरंही ओढतातच की! अमेरिकेत गांजा कायदेशीर असलेल्या राज्यांतल्या सुमारे ६०० गांजा ओढणाऱ्यांची पाहणी कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केली. दहातल्या आठजणांनी सांगितलं की व्यायामाच्या थोडं आधी किंवा नंतर आम्ही ओढतो. काहींना त्यानं व्यायामाचा कंटाळा कमी होतो, काहींना अंगदुखी कमी वाटते. मग व्यायाम कुठे आड आला?

नुसता व्यायाम आड येत नाहीच. इथेच ‘घाम गाळू दे’वाल्यांचा पक्ष कोसळतो. घाम नशेला धुऊन नेत नाही. ओढून पळण्यात धोकाही आहे, कारण गांजानं नाडी वाढते, पळण्यानं वाढते, दोन्ही ताण हृदयावर एकदम येतात. मदत होते ती व्यायाम कुठल्या वेळी, कुणाबरोबर आणि कशाच्या जागी होतो यावरून. हे समजायला गांजा कसा ओढला जातो ते जवळून पाहावं लागतं.

पुण्यात हनुमान टेकडीवर किंवा वेताळ टेकडीवर संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला जा. पायवाटेवर कॅनव्हासचे बूट घातलेली, हात जोरजोरात हलवत चालणारी माणसं असतात. वाट सोडून खडकांच्या आड तिघं-चौघं बसलेली असतात, पाठीवरच्या सॅक बाजूला टाकून. एकजण सिगारेट दोन बोटांत हलकेच फिरवत तंबाखू सैल करतो, तळहातावर पाडतो. दुसरा पुडी सोडून बोंडं चुरतो, बिया वेचून टाकतो. दोन्ही मिसळून तो माल त्याच सिगारेटीत परत भरायचा, नखावर ठोकून बसवायचा, टोकाला पीळ द्यायचा. दहा-पंधरा मिनिटं यात जातात, आणि त्या दिवसातल्या मनमोकळ्या गप्पाही याच दहा-पंधरा मिनिटांत होतात. प्लेसमेंट न झाल्याचं, घरच्या कर्जाचं, फोन न उचलणाऱ्या मुलीचं. पहिला कश नंतर येतो.

या मुलाला तुम्ही पहाटे पाचला एकट्याला मैदानावर पाठवता. त्याची तलफेची वेळ संध्याकाळची आहे, रात्री दीडला झोपणारं ते पोर आहे, आणि त्याला हवी आहे सोबत. तुम्ही त्याला दिलीत चुकीची वेळ, एकटेपणा आणि वर बोलणी. तो तिसऱ्या दिवशी उठला नाही यात नवल नाही. त्याच संध्याकाळी साडेसहाला त्याला दोघांबरोबर फुटबॉल, बॅडमिंटन, कबड्डी, तालीम, काहीही मिळालं, आणि ‘तू नाही आलास तर टीम पुरी होत नाही’ असं म्हणणारं कुणी असलं, तर ती बैठक हलते. त्या दिवसाचा पहिला जॉइंट नऊपर्यंत लांबतो. पाचाचे तीन होतात.

‘तीन म्हणजे ओढतोच ना?’ हा चौथा आक्षेप कडव्या मंडळींचा. त्यांच्या लेखी शून्य सोडून दुसरा आकडाच नाही. ज्याला भास होतात, कुणी आपल्या मागावर आहे असं वाटू लागलं आहे, ज्याच्या घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास आहे, त्याच्या बाबतीत माझंही शून्यच म्हणणं आहे, आणि त्याला बुटांआधी मनोविकारतज्ज्ञ हवा. पण बाकीच्यांचं काय? पाचावरून तीनवर आलेल्या मुलाला पहिल्यांदाच कळतं की हा आकडा आपल्या हातात आहे. ही जाणीव त्याला कुठलंही व्याख्यान देत नाही.

पाचवा आक्षेप घेणारे तर गांजा कमी तरी का करायचा, असं विचारतात. शंकराचा प्रसाद, साधूंची चिलीम, झाडाचा पाला, यात वाईट काय? दुधात भांग घोटून वर्षातून एकदा पिणारा माणूस हा माझा विषयच नाही. मी बोलतोय ते रोज, उठल्यापासून ओढणाऱ्याबद्दल. गांजाची सवय लागत नाही ही समजूत खोटी आहे. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत गांजा थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाची अधिकृत नोंद झाली: चिडचिड, बेचैनी, भूक मरणं, झोप उडणं, भलतीसलती स्वप्नं. पहिल्या आठवड्यात हे सगळं जोरात असतं, दोन आठवड्यांत बरंचसं ओसरतं, झोपेची तक्रार त्याहून लांबते. आपल्या देशासाठी एम्सनं केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्या अंदाजाप्रमाणे भांग, गांजा, चरस यांच्यामुळे मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख लोक भारतात आहेत. या व्यसनावर म्हणून मान्यता मिळालेलं एकही औषध अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आजही नाही. समुपदेशनाचा उपयोग होतो, पण ते सगळ्यांपर्यंत पोचत नाही.

कमी करायला घेतल्यावर सगळ्यात कठीण जाते ती रात्र. दोन वाजलेत, चादर घामानं भिजलीय, डोळे टक्क उघडे, कपाटात उरलेली पुडी आठवतेय. एका कशात झोप लागेल हे त्याला ठाऊक आहे. बहुतेक जण इथेच घसरतात, आणि इथेच संध्याकाळचा व्यायाम कामाला येतो. थकलेल्या अंगाला झोप लवकर लागते, चिडचिड खाली बसते. शरीरातही याची थोडी सोय आहे. गांजा मेंदूतल्या ज्या यंत्रणेला हात घालतो, तिच्यासाठी शरीर स्वतःच रसायनं तयार करतं. त्यातलं आनंदामाइड हे रसायन जेरुसलेमच्या संशोधकांना १९९२ साली सापडलं. पळणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या कॉलेजच्या तरुणांच्या रक्तात त्याचं प्रमाण वाढतं, असं अमेरिकेत २००३ साली दाखवलं गेलं. गांजाची जागा ते भरून काढतं असा दावा मी करणार नाही, मात्र अंगाला त्या रसायनाची ओळख परत करून द्यायला अर्धा तास पुरतो, असं मला वाटतं.

सिगारेटीवरचं संशोधन याहून खूप मोठं आहे आणि ते जपून वाचायला हवं, कारण आपल्याकडे गांजाबरोबर तंबाखू आत जातेच. दहा-पंधरा मिनिटांच्या भरभर चालण्यानं सिगारेटची तलफ तेवढ्यापुरती खाली येते, हे पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. पण व्यायाम जोडल्यानं माणसं कायमची सिगारेट सोडतात, याला पुरेसा पुरावा मिळालेला नाही. माझ्या बाजूच्या लोकांनी हे दडवू नये. तलफेची वीस मिनिटं पार पाडणं एवढंच व्यायाम करतो, वर्ष पार पाडायला माणसं लागतात.

त्या नॅशव्हिलच्या प्रयोगाचा एक आकडा अजून सांगायचा राहिला आहे, आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा. ट्रेडमिलची सत्रं संपली, माणसं आपापल्या घरी गेली, तेव्हा २.८ चे ४.१ झाले. मूळच्या ५.९ पर्यंत ते गेले नाहीत, पण चढले. टीकाकार याला अपयश म्हणतील. मला त्यातून दिसतं ते असं की बोलावणारं कुणी होतं तोवर उपाय चालू होता.

म्हणून माझी मागणी घरातल्या काकांकडे नाही, संस्थांकडे आहे. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रांचा १९८६ पासूनचा अनुभव आपल्या हाताशी आहे, तो दाखल झालेल्यांपुरता का राहावा? मनोविकारतज्ज्ञानं समुपदेशनाच्या चिठ्ठीवर वेळ, जागा आणि सोबत यांच्यासह व्यायाम लिहून द्यावा, आठवड्यानं तो झाला का हे विचारावं. पोलिसांची भीती असलेल्या पालकांना सांगावं की अमली पदार्थांच्या कायद्याचं कलम ६४-अ स्वतःहून उपचाराला येणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देतं. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही सरकारी हेल्पलाइन आहे, तिथं फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

आणि महाविद्यालयांनी जिमखान्याची फी घ्यायची असेल तर जिमखाना संध्याकाळी उघडा ठेवावा. कितीतरी ठिकाणी साडेपाचला शिपाई कुलूप घालतो, मैदान लग्नाला किंवा प्रदर्शनाला भाड्यानं जातं, क्रीडाशिक्षकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं असतं. निवडक खेळाडूंच्या संघासाठी असलेलं मैदान, संघात कधीच न येणाऱ्या पोराला साडेसहा ते आठ खुलं हवं. तिथं एक माणूस हवा, जो त्याचं नाव ओळखतो आणि चार दिवस आला नाही तर ‘कुठे होतास?’ म्हणून फोन करतो. ‘ओढलीस का?’ हे त्यानं विचारू नये.