बायबॅकचे पेढे कडूच

इन्फोसिसच्या बायबॅकवर आठवडाभर ‘छोट्या भागधारकांची चांदी’ अशा थाटाचे मथळे वाचून वैताग आला. दीड हजाराच्या आसपासचा शेअर कंपनी 1,800 रुपयांना घेणार, म्हणून शेजारच्या काकांनी 14 नोव्हेंबर 2025 च्या रेकॉर्ड डेटआधी धावतपळत 22 शेअर घेतले. पेढेही वाटले. शेवटी मीच त्यांच्या वीजबिलाच्या पाठीवर हिशेब मांडून दाखवला.

छोट्यांना 11 शेअरमागे 2, म्हणजे काकांच्या हक्काचे फक्त चार. त्यांचे येणार 7,200 रुपये. 1 ऑक्टोबर 2024 ते 31 मार्च 2026 या काळात अशी रक्कम लाभांश धरली जात होती. नुसता नफा नव्हे, पदरचे घातलेले पैसेसुद्धा! पेन्शन आणि ठेवींचे व्याज मिळून काका 30 टक्क्यांच्या टप्प्यात. कर 2,160 रुपये, वर उपकर. हातात उरणार जेमतेम पाच हजार. तेच चार शेअर बाजारात विकले असते तर सहा हजार आले असते. खरेदीची किंमत भांडवली तोटा म्हणून आठ वर्षे पुढे ओढता येत होती म्हणे. पण तो वळता करायला भांडवली नफा नको का? काकांची बाकी पुंजी मुदत ठेवीत आहे.

उरलेल्या 18 शेअरचा भाव चढेल, हे दुसरे गाजर. रद्द होणार एकूण शेअरपैकी 2.41 टक्के. प्रति शेअर मिळकत तेवढीच फुगणार, आणि तिजोरीतून 18,000 कोटी गेले ते गेलेच. धंदा काही वाढला नाही, मग भाव कशाच्या जोरावर चढायचा? टीसीएसने 2022 मध्ये 4,500 रुपयांनी आणि 2023 मध्ये 4,150 रुपयांनी शेअर परत घेतले. नोव्हेंबर 2025 मध्ये तो तीन हजारांच्या घरात होता. इन्फोसिसच्या प्रवर्तकांनी, नीलेकणी आणि सुधा मूर्ती यांच्यासह, यात भाग घेणार नसल्याचे आधीच कळवले होते. त्यांना ही चांदी नको होती का?

ब्रोकरच्या ॲपची तर तऱ्हाच न्यारी. ‘संधी दवडू नका’ असा निरोप दिवसातून तीनदा, कराबद्दल चकार शब्द नाही.

अर्थमंत्र्यांनी तेव्हाही कर फक्त नफ्यावर लावायला हवा होता. यापुढेही वाचकांनी शेअर कंपनीला देऊ करण्याचे बटण दाबण्याआधी कराचा हिशेब तेवढा करून पाहावा.

– एक भागधारक, ठाणे